घटक ३ : दोन दिवसांचा प्रवास आणि प्रवासवर्णन

३.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर आपणांस :
• स्थलवर्णन आणि प्रवासवर्णन यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• लहान सोबत्यामुळे प्रवासवर्णनाच्या दृष्टिकोनात होणारा बदल सांगता येईल.
• स्वतःच्या छोट्या प्रवासावर सुमारे ४०० शब्दांचे लेखन करता येईल.

३.२ प्रास्ताविक

प्रवासवर्णन म्हटले की दूरदेशीचा, महिनोन्‌महिन्यांचा प्रवास डोळ्यांसमोर येतो. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना तसा प्रवास क्वचितच घडतो. घडतो तो शनिवार-रविवारचा : भाचीला मुंबई दाखवायची असते, पुतण्याला पुणे पाहायचे असते. असा प्रवास वाङ्‌मयाचा विषय होऊ शकेल का, या प्रश्नाचा विचार या घटकात करावयाचा आहे.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ स्थलवर्णन आणि प्रवासवर्णन

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. शहराची माहिती देणे हा त्याचा मुख्य हेतू आहे; म्हणून ते स्थलवर्णन होय. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रकाशित झाला. १८५७ मध्ये आपल्या काकांसह वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या भटजींनी काय पाहिले आणि काय सोसले, ते त्यात येते. येथे स्थळांइतकाच पाहणारा माणूस महत्त्वाचा ठरतो. म्हणून ते प्रवासवर्णन होय.

‘माझा प्रवास’मध्ये वडीलधारा माणूस सोबती आहे आणि लिहिणारा धाकटा आहे. आपण ज्या प्रवासाचा विचार करीत आहोत, त्यात हे नाते उलटे होते. लिहिणारा मोठा असतो, सोबती लहान. मोठ्याजवळ माहिती असते. लहानाजवळ कुतूहल असते. या दोहोंतील अंतर हाच अशा लेखनाचा खरा विषय असतो.

३.३.२ दोन नमुने

समजा, सोलापूरचा एक मामा आपल्या नऊ वर्षांच्या भाचीला घेऊन शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईस निघाला. शनिवारी त्यांनी भायखळ्याची राणीची बाग पाहिली आणि रविवारी गेटवेहून लाँचने ते घारापुरीस गेले. या प्रवासावरील पुढील दोन उतारे लक्षपूर्वक वाचा.

नमुना ‘अ’ : “राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. संग्रहालयाशेजारी घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. या हत्तीवरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये हत्ती मुंबईस आणण्यात आला. घारापुरीच्या लेण्यांचा १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. भाचीला ही सर्व स्थळे फार आवडली.”

नमुना ‘आ’ : “संग्रहालयात जायचे सोडून ती दगडी हत्तीपाशीच थांबली. त्याच्या अंगावरचे सांधे बोटाने हवेतच मोजू लागली. ‘मामा, ह्याला शिवलंय व्हय?’ मी सांगितले, हा घारापुरीचा हत्ती. तुटला होता, मग जोडला. ‘जोडला तर परत का नाही नेला?’ मी घड्याळ पाहिले. पुढची तीन ठिकाणे राहिली होती. दुसऱ्या दिवशी लाँच बेटाला लागली तेव्हा सगळे टेकडीकडे निघाले. ती किनाऱ्यावरच मागे राहून इकडेतिकडे पाहत होती. ‘कुठं उभा होता तो?’ लेण्यांकडे बोट दाखवायला उचललेला हात मी खाली घेतला.”

३.३.३ नमुन्यांची तुलना

नमुना ‘अ’मधील माहिती अचूक आहे, तरीही वाचकाच्या मनात काही उरत नाही. प्रत्येक वाक्य सुटे आहे. एकातून दुसरे उगवत नाही. ‘फार आवडली’ या शब्दांत भाचीचे पाहणे दिसत नाही, मामाने दिलेला अभिप्राय तेवढा दिसतो.

नमुना ‘आ’मध्ये एकही सन नाही. मात्र हत्ती बेटाचा होता, तुटला, जोडला गेला आणि तरीही घरी परतला नाही, हा इतिहास संवादातून उलगडतो. भाचीच्या प्रश्नामुळे शनिवार आणि रविवार एकमेकांशी बांधले जातात. ज्या हत्तीवरून बेटाला नाव मिळाले, तो हत्तीच बेटावर नाही, ही विसंगती माहितीच्या यादीतही होती. पण तेथे ती कोणाला बोचली नाही. मुलीने रिकामी जागा शोधली तेव्हा ती बोचली.

मामातील बदलही पाहा. शनिवारी तो घड्याळ पाहतो. रविवारी त्याचा हात खाली येतो. ‘तिने माझे डोळे उघडले’ असे वाक्य लेखकाने लिहिलेले नाही. कृतीतून जे कळते ते पुन्हा विधानाने सांगू नये.

३.३.४ लेखनातील पथ्ये

१) निवड : दोन दिवसांत आठ स्थळे पाहिली तरी लेखनात एक-दोनच घ्यावीत. मूल जेथे थांबले, ते स्थळ बहुधा योग्य ठरते.

२) मुलाची भाषा : ‘शिवलंय व्हय’ याचे ‘शिवले आहे का’ असे प्रमाणीकरण केल्यास ती सोलापूरची मुलगी राहत नाही. निवेदन प्रमाणभाषेत असले तरी संवादात बोली जपावी.

३) प्रामाणिकपणा : मोठ्यांचे तत्त्वज्ञान मुलाच्या तोंडी घालू नये. ‘मामा, इतिहास म्हणजे विस्थापन ना?’ असे नऊ वर्षांची मुलगी म्हणणार नाही. तिने हत्तीबद्दलच विचारावे. विस्थापनाचा विचार वाचक करील.

४) मुलाचा मान : मुलाचे रडणे, घाबरणे, हट्ट हे विनोदासाठी वापरताना विचार करावा. उद्या तेच मूल हा मजकूर वाचणार आहे. त्याला लाज वाटेल असा तपशील गाळल्याने लेखनाचे सहसा काही बिघडत नाही.

५) माहितीचे स्थान : सनावळी वर्ज्य नाही. वाचकाच्या मनात प्रश्न जागा झाल्यावर ती द्यावी. ‘परत का नाही नेला?’ या प्रश्नानंतर १८६४ हे साल आले असते, तर ते नमुना ‘अ’मधल्यासारखे कोरडे वाटले नसते.

३.४ सारांश

प्रवासवर्णनाचे मोल अंतरावर किंवा दिवसांच्या संख्येवर ठरत नाही. लहान सोबत्यासह केलेल्या प्रवासात दाखवणारा आणि पाहणारा अशा दोन भूमिका असतात. मुलाच्या एखाद्या प्रश्नाने या भूमिकांची अदलाबदल होते आणि दाखवणाराच पाहू लागतो. हा क्षण ओळखणे, त्याभोवती मोजके तपशील मांडणे आणि त्याचा अर्थ वाचकावर सोपवणे, हे अशा लेखनाचे सूत्र होय.

३.५ शब्दार्थ

पथ्य : पाळावयाचा नियम
प्रमाणीकरण : बोलीतील रूपाला प्रमाणभाषेचे रूप देणे
विसंगती : मेळ नसणे

३.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) ‘मुंबईचे वर्णन’ आणि ‘माझा प्रवास’ यांच्या आधारे स्थलवर्णन व प्रवासवर्णन यांतील फरक पाच ओळींत लिहा.
२) नमुना ‘आ’मधील मामाच्या दोन कृती कोणत्या? त्यांतून त्याच्या मनातील कोणता बदल सूचित होतो?
३) नमुना ‘आ’ भाचीच्या निवेदनातून पुन्हा लिहा. मामाला ठाऊक असलेली, पण भाचीला ठाऊक नसलेली माहिती त्यात येणार नाही याची काळजी घ्या.

३.७ उपक्रम

आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या मुलासोबत जवळच्या शहरात, तालुक्याच्या गावी किंवा आठवडी बाजारात एक दिवस घालवा. त्या दिवशी काहीही समजावून सांगण्यापूर्वी मूल कोठे थांबते आणि काय विचारते, याची वहीत नोंद करा. त्यांपैकी ज्या एका प्रश्नाचे उत्तर आपणांस लगेच देता आले नाही, तो केंद्रस्थानी ठेवून ४०० शब्दांचे प्रवासवर्णन लिहा. लिहून झाल्यावर ते त्या मुलाला वाचून दाखवा, त्याने सुचवलेली दुरुस्ती विचारात घ्या आणि मगच लेखन संपर्कसत्रात सादर करा.