सहकाराचे धडे : गावाचे दुकान कशाने टिकते?



ऊस कारखान्याला घालताना आपण पक्के सहकारी असतो. पण उसाचं बिल हातात आलं, की तेल-मीठ-साबण घ्यायला जातो कुठं? पौडला, पिरंगुटला, नाहीतर हिंजवडीच्या मोठ्या दुकानात. गावच्या सोसायटीच्या दुकानाची आठवण होते ती उधारीपुरती. म्हणून या धड्यात सहकारी दुकानाची हकीकत पाहू.

दुकानदार तोच सावकार

पूर्वी आपल्या जिल्ह्यात किराणा देणारा आणि कर्ज देणारा पुष्कळदा एकच असे. वहीत काय लिहिलं, हे कुळाला वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली. त्या दंग्यांत लोकांचा खरा रोख होता तो कर्जरोख्यांवर. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. पण कायद्याने दुकान उभे राहत नाही. ते लोकांनीच उभे करावे लागते.

अठ्ठावीस जणांचे दुकान

इंग्लंडातील रॉचडेल गावच्या कामगारांची अवस्था अशीच होती. मजुरी कमी, पिठात भेसळ आणि दुकानदाराची उधारी कायम. त्यांतील २८ जणांनी आठवड्याला थोडे थोडे साठवून २८ पौंड भांडवल जमवले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी दुकान उघडले. माल किती? थोडे पीठ, लोणी, मेणबत्त्या आणि साखर! नियम मात्र पक्के होते. माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा, एका सभासदाला एकच मत आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात.

आपल्याकडची वाट

आपल्या देशात १९०४ चा कायदा फक्त पतसंस्थांसाठी होता. १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही वाट मिळाली. दुसऱ्या महायुद्धात रेशन आले, तेव्हा जागोजाग सहकारी दुकाने निघाली. नियंत्रण उठताच त्यांतली पुष्कळ बसली. रेशन होतं तोवर गिऱ्हाईक होतं. दुकान आपलं आहे, असं मानणारा सभासद तयार झालाच नव्हता.

ज्यांनी सभासद जोडला, ते पुढे गेले. मुंबईत नायगावला गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये सुरू केलेली संस्था 'अपना बाजार' म्हणून नावारूपाला आली. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने साखर कारखान्याच्या परिसरातच 'वारणा बाजार' उभा राहिला आणि त्याच्या शाखा आसपासच्या गावांत गेल्या. तिथले सभासद आपल्यासारखेच ऊसवाले.

हिशेब सोपा आहे

कारखान्यात उसाचा पैसा टनावर मिळतो, भागांवर नाही. दुकानातही तसंच. समजा, एका घराची वर्षाची खरेदी ३६,००० रुपये आणि दुकानाने २ टक्के परतावा दिला, तर ७२० रुपये घरी येतात. ७२,००० ची खरेदी करणाऱ्याला १,४४० मिळतात, मग त्याचा भाग एकच का असेना.

पण हाच माल उधारीवर गेला तर? दुकानाचा पैसा अडकतो. पुढचा माल रोखीने आणता येत नाही, म्हणून महाग पडतो. फळ्या रिकाम्या दिसल्या की रोखीचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं आणि मागं राहतो तो नुसता उधारीवाला. शेवटी कुलूप लागतं आणि आपण म्हणतो, "सहकारात काही राम नाही." कुलूप लावलं कुणी?

गावात बसून बोला

१. आपल्या सोसायटीच्या दुकानातून गेल्या महिन्यात आपण रोखीने काय घेतलं?
२. दुकानाची उधारी किती आणि ती कुणाकडे, हे वार्षिक सभेत विचारलं का?
३. घरचा किराणा ठरवणाऱ्या माय-बहिणी सभासद आहेत का? नसतील तर का नाहीत?

उत्तरं कारखान्याला कळवू नका, एकमेकांना सांगा. दुकान तुमचं आहे.