पांच शेकेल व आईची कूस

वाचनाचे उतारे: निर्गम १३:११-१६, गणना ३:४०-५१ व १८:१५-१६, १ शमुवेल १, लूक २:२२-२४.

बदलापुराहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडींत बसलें म्हणजे अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण मागें टाकून आपण ठाण्यास पोहोंचतों. त्या शहरांत १८७९ सालीं बांधलेलें यहूदी लोकांचें एक सभास्थान आहे. ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचें द्वार, असें त्याचें नांव. तें बांधणारे लोक आपल्यासारखीच मराठी बोलणारे बेने इस्राएल होत. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर तारूं फुटून आले, असें त्यांची परंपरा सांगते. ते घाण्यावर तेल गाळीत आणि शब्बाथाच्या दिवशीं घाणा बंद ठेवीत, म्हणून कोंकणांत त्यांस शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशांत गेलीं. जीं येथें राहिलीं त्यांस महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली.

याच लोहमार्गाच्या कडेच्या गांवांत दुसरीहि एक गोष्ट नजरेस पडते. मूल होत नसलेल्या जोडप्यांस उपचार देणाऱ्या दवाखान्यांच्या पाट्या आतां ठिकठिकाणीं लागल्या आहेत. आमच्या मंडळ्यांतील कित्येक तरुण जोडपीं शेत गहाण टाकून किंवा दागिने मोडून त्या पायऱ्या चढतात, आणि कोणास कळूं नये म्हणून डोकीवर पदर ओढून उतरतात. सभास्थानाचा व दवाखान्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, शास्त्रांतील एका विधींत लेकरासाठीं पैसा मोजला जातो आणि दवाखान्यांतहि मोजला जातो. तो पैसा कशाबद्दल, हें आज आपण पाहूं.

१. विधि काय आहे

मिसर देशांतून सुटका झाल्यावर परमेश्वरानें इस्राएलांतील प्रत्येक प्रथमजन्मलेला पुत्र आपला म्हणून राखून ठेवला. पुढें त्यांच्या ऐवजीं लेवी वंश सेवेसाठीं घेतला गेला. मोजदाद झाली तेव्हां लेवी २२,००० व प्रथमजन्मलेले २२,२७३ भरले. जे २७३ अधिक होते त्यांच्याबद्दल दर डोई पांच शेकेल याप्रमाणें १,३६५ शेकेल रुपें याजकांस देण्यांत आलें. हाच पांच शेकेलांचा दर पुढें कायमचा ठरला.

यहूदी लोक हा विधि आजहि पाळतात. त्यास ते ‘पिदयोन हाबेन’, म्हणजे पुत्राची सोडवणूक, असें म्हणतात. मुलाचे तीस दिवस पुरे झाले कीं एकतिसाव्या दिवशीं पिता त्यास कोहेनापुढें, म्हणजे याजकाच्या वंशांतील पुरुषापुढें, आणतो. तो दिवस शब्बाथाचा किंवा मोठ्या सणाचा असल्यास विधि पुढें ढकलतात. कोहेन पित्यास विचारतो कीं, तुला काय हवें, मुलगा कीं पांच नाणीं? पिता मुलगा मागतो आणि नाणीं पुढें करतो. तीं खऱ्या रुप्याचीं असावीं लागतात. कागदी नोट चालत नाहीं. पांचांचें मिळून वजन सुमारें १०० ग्रॅम, म्हणजे साडेआठ तोळे भरतें. कोहेन आशीर्वाद देतो, आणि पुष्कळदां नाणीं परतहि करतो. बेने इस्राएलांत कोहेनांचें घराणें नाहीं असें परंपरेनें मानलें जातें. म्हणून त्यांस हा विधि करावयाचा तर कोहेन बाहेरून आणावा लागतो.

आतां लक्षांत घ्या, कोहेनाचा प्रश्न केवळ रीतीचा आहे. पित्यानें नाणींच मागितलीं तरी कोहेनास मूल नेतां येत नाहीं, आणि पित्याचें कर्तव्य फिटत नाहीं. ज्याची सोडवणूक लहानपणीं झाली नाहीं त्यानें मोठें झाल्यावर स्वतःची करावी, असा नियम आहे. यावरून उघड होतें कीं, पांच शेकेल ही मुलाची किंमत नव्हे. राजाच्या मुलास पांच आणि मजुराच्या मुलासहि पांचच. हें लेकरूं माझें होण्याआधीं देवाचें आहे, अशी ती पित्याची कबुली आहे.

येथें उपदेशकांनीं एक चूक टाळावी. लूक २ मधील दोन पारवे किंवा पिलें हीं येशूच्या सोडवणुकीचें मोल होत, असें कित्येकदां शिकविलें जातें. तें बरोबर नाहीं. तें आईच्या शुद्धीकरणाचें अर्पण होतें, आणि गरिबांसाठीं ठरलेलें होतें (लेवीय १२:८). प्रथमजन्मलेल्याचा नियम लूक त्याच ठिकाणीं सांगतो. परंतु त्या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

२. आईच्या कुशीचा मान

वतन वांटतांना पित्याचा पहिला पुत्र तो ज्येष्ठ (अनुवाद २१:१५-१७). सोडवणुकीच्या विधींत मात्र ज्यानें आईची कूस प्रथम उघडली तो ज्येष्ठ. यावरून यहूदी शास्त्री पुढील नियम काढतात. आधीं मुलगी झाली असेल तर मागच्या मुलाची सोडवणूक नाहीं. सिझेरियन करून, म्हणजे पोट चिरून, काढलेल्या मुलाची नाहीं. आणि त्याच्या पाठीवर नैसर्गिक रीतीनें झालेल्या मुलाचीहि नाहीं. पिता कोहेन किंवा लेवी असल्यास, अथवा आई तशा घराण्यांतील कन्या असल्यास, सोडवणूक लागत नाहीं. आणि पूर्वीं आकार धरलेला गर्भ गळाला असेल, तर त्यानंतरच्या मुलास कूस उघडणारा म्हणत नाहींत. चाळीस दिवसांच्या आंतील गर्भ गळाल्यास हा शेवटचा नियम लागत नाहीं. शंका असल्यास रब्बीस विचारतात.

या नियमांनीं कोणतेंहि मूल हलकें ठरत नाहीं. गळालेल्या गर्भाविषयींच्या नियमापाशीं मात्र आम्ही थोडें थांबूं इच्छितों. ज्या गर्भाचें कोणी नांव ठेवलें नाहीं, ज्यासाठीं कोणी रडावयास आलें नाहीं, त्याचीहि गणना तेथें झाली आहे. ज्या भगिनीविषयीं आपण ‘हिला कांहीं झालेंच नाहीं’ असें सहज बोलून जातों, तिच्या पोटीं काय झालें व काय गेलें हें त्या शास्त्र्यांनीं विसरूं दिलें नाहीं.

३. नवसाची वाट

मूल नसल्याचें दुःख बेने इस्राएल स्त्रियांसहि होतेंच. त्यांच्यांत जुनी चाल अशी होती कीं, निपुत्रिक स्त्री नवस करी: मुलगा झाला तर कांहीं वर्षें त्याच्या केसांस कातर लावणार नाहीं. मुदत भरली कीं केस उतरून सोन्यारुप्याशीं तोलीत आणि तें दान देत. शमशोनाची आई व शमुवेलाची आई हन्ना यांची आठवण त्यांत स्पष्ट आहे. एलियाहू हानाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याच्या नांवानें पोहे, खोबरें, साखर व फळें यांचा मलिदाहि ते करतात. अलिबागजवळ खंडाळें येथील खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि नवस फेडावयास लोक तेथें जातात.

हन्नेची गोष्ट आपण पुष्कळदां सांगतों. परंतु एली याजकाची चूक सांगत नाहीं. ती मनांतल्या मनांत प्रार्थना करीत होती, आणि तो तिला मद्य प्यालेली समजला. दुःखी स्त्रीकडे पाहून धर्मसेवकानें घाईनें दोष लावला, हें शास्त्रानें लपविलें नाहीं.

४. कांचेंतील गर्भ

आतां उपचारांकडे वळूं. शरीराबाहेर, कांचेच्या भांड्यांत, स्त्रीबीज व पुरुषबीज यांचा संयोग करून कांहीं दिवसांचा गर्भ आईच्या गर्भाशयांत ठेवतात. या रीतीनें पहिलें मूल २५ जुलै १९७८ रोजीं इंग्लंडांत जन्मलें. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं कलकत्त्यांत डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नानें दुसरें झालें. पण त्यांच्या हयातींत त्यांस मान्यता मिळाली नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजीं असेंच मूल जन्मलें.

अशा मुलाची सोडवणूक करावी काय? रब्बींचें उत्तर सरळ आहे. ज्या आईचें बीज तिच्याच पोटीं वाढलें आणि मूल नैसर्गिक रीतीनें जन्मलें, तेथें इतर अट आड येत नसेल तर पांच शेकेल द्यावेत. गर्भ कांचेंत राहिला कीं कुशींत, हें शास्त्र विचारीत नाहीं. परंतु बीज एकीचें व कूस दुसरीची असली तर आई कोणती, याविषयीं त्यांच्यांत एकमत नाहीं. आमच्या गांवांत जे अशा लेकरास ‘कांचेंतलें पोर’ म्हणून हिणवितात, त्यांनीं हें ध्यानांत धरावें.

५. आमचें कर्तव्य

पांच शेकेल हें जसें मुलाचें मोल नव्हे, तसा वैद्याचा पैसाहि मुलाचें मोल नव्हे. तो श्रमाचा व औषधांचा पैसा आहे. उपचार करूनहि पुष्कळांस मूल होत नाहीं, आणि आईचें वय पस्तिशीपुढें गेलें कीं आशा कमी होते. म्हणून जो कोणी पैशाच्या बदल्यांत मुलाची हमी देतो त्यावर विश्वास ठेवूं नये.

वर्षभर एकत्र राहून गर्भ राहिला नाहीं तर पतिपत्नी दोघांनींहि तपासून घ्यावें. दोष पुरुषांत असणें मुळींच विरळा नाहीं, आणि पुरुषाची पहिली तपासणी अगदीं सोपी आहे. तरी आधीं सुनेसच वैद्याकडे नेतात, आणि कोठें कोठें दुसरें लग्नहि सुचवितात. आपल्या देशांत स्त्रियांच्या गर्भनलिका क्षयरोगानेंहि बंद होतात, आणि त्या रोगास औषध आहे. जानेवारी २०२२ पासून अंमलांत आलेल्या कायद्याप्रमाणें असे उपचार करणाऱ्या दवाखान्याची सरकारांत नोंद असावी लागते, आणि पैसे घेऊन दुसऱ्यासाठीं गर्भ वाढविण्यास बंदी आहे. नोंदीचा दाखला पाहण्यास मागावा. त्यांत लाज नाहीं.

सोडवणूक पुत्राचीच आहे, यावरून कन्या कमी प्रिय असा अर्थ कोणी काढूं नये. गर्भाचें लिंग पाहण्यावर महाराष्ट्रानें १९८८ सालीं, देशांत सर्वांच्या आधीं, निर्बंध घातला. आणि १९९४ च्या कायद्यानें तो गुन्हा सर्व देशांत लागू झाला.

शेवटीं, ज्यांस उपचारानेंहि मूल झालें नाहीं त्यांच्याविषयीं. सर्व लेकरें आधीं देवाचीं असतील, तर ज्यास मूल झालें त्यानें कांहीं कमावलें नाहीं, आणि ज्यास झालें नाहीं त्यानें कांहीं गमावलें म्हणून शिक्षा भोगीत आहे असें नाहीं. त्यांस बारशाचें बोलावणें आधीं जावें, आणि मूल त्यांच्या मांडीवर प्रथम द्यावें.

विचारासाठीं प्रश्न

१. पांच शेकेल ही किंमत कां नव्हे? 
२. लूक २ मधील पारवे कशाबद्दल होते? 
३. एलीनें हन्नेविषयीं काय चूक केली, आणि तशी चूक आपल्या मंडळींत कोठें होते? 
४. या आठवड्यांत आपण कोणत्या घरीं जावें?