रोड बाइकचे हँडल आणि बधिर होणारी करंगळी

रोड बाइक, म्हणजे बारीक टायरची व खाली वळलेल्या हँडलची सायकल, तास-दोन तास चालवल्यावर करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका बधिर होत असेल, तर ती सवयीने जाणारी किरकोळ तक्रार समजू नये. तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूला असलेल्या अरुंद मार्गातून अल्नर मज्जातंतू जातो; या दोन बोटांची संवेदना आणि पंजाच्या बहुतेक लहान स्नायूंची हालचाल त्याच्यावर अवलंबून असते, आणि शरीराचा भार हँडलवर सतत पडत राहिला की तो तेथे दाबला जातो. अंगठा, तर्जनी व मध्यमा बधिर होत असतील, तर दाब मनगटाच्या मध्यातून जाणाऱ्या मीडियन मज्जातंतूवर असतो व मनगट फार वाकवून धरणे हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. मान आखडण्याचे मूळही पुष्कळदा हँडलमध्येच सापडते, कारण हँडल जितके लांब व खाली, तितके धड पुढे झुकते आणि समोरचा रस्ता दिसावा म्हणून मान तितकीच मागे वाकवावी लागते.

हँडल बदलण्यापूर्वी मात्र सीट तपासली पाहिजे. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंशांत वाकलेला राहील इतकी तिची उंची असावी आणि बैठक जवळजवळ सपाट असावी; सीटचे टोक खाली झुकले असेल तर शरीर पुढे घसरते आणि ते थोपवण्याचे काम हातांवर येते. हँडल दूर वाटते म्हणून सीट पुढे सरकवणे हा सर्रास केला जाणारा उपाय चुकीचाच म्हटला पाहिजे, कारण सीटची जागा पायांच्या सोयीने ठरते आणि ती पुढे नेल्यास हातांवरचा भार उलट वाढतो.

ब्रेकच्या वरच्या रबरी पकडीवर, म्हणजे हूडवर, हात ठेवले असता कोपर किंचित वाकलेले, खांदे सैल आणि मनगट हाताच्या सरळ रेषेत राहत असेल, तर अंतर योग्य मानावे. कोपर ताठ होत असतील, तर हँडलला फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, नळीशी जोडणारा स्टेम हा भाग आखूड घ्यावा. तो बहुधा 80 ते 120 मिमी लांबीचा असतो आणि 10 मिमीचा फरकही स्पष्ट जाणवतो. उंची वाढवण्यासाठी स्टेमच्या वर असलेल्या स्पेसर नावाच्या कड्या काढून त्याच्या खाली घालता येतात. तेवढ्याने भागले नाही, तर स्टेम उलटा बसवण्याचा बिनखर्चाचा मार्ग आहे: 100 मिमी लांबीचा आणि 6 अंश कोनाचा स्टेम उलटल्यास हँडल सुमारे 2 सेंमी वर येते. मनगट वाकत असेल, तर हँडल थोडे फिरवून किंवा हूड वर-खाली करून ते सरळ करावे. एका वेळी एकच बदल करावा, जुन्या जागेवर टेपची खूण ठेवावी आणि काही फेऱ्या मारल्यानंतरच पुढचा बदल ठरवावा.

स्टेम पुन्हा बसवताना आधी वरच्या टोपणाचा स्क्रू आवळून फोर्कचा खुळखुळाट घालवावा व नंतर बाजूचे स्क्रू सुट्या भागावर छापलेल्या मर्यादेइतकेच, बहुधा 4 ते 6 न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळावेत. कार्बनच्या भागांवर अंदाजाने जोर लावणे धोक्याचे आहे, कारण चुकून पडलेले तडे बाहेरून दिसत नाहीत आणि हँडल चालत्या सायकलवर तुटू शकते. साधन नसल्यास हे काम मेकॅनिककडेच द्यावे.

शर्यतपटूंचे अतिशय खाली असलेले हँडल पाहून तशीच बैठक घेण्याचा मोह अनेक नवशिक्यांना होतो, परंतु ती वाऱ्याचा विरोध कमी करण्यासाठी असते आणि वर्षानुवर्षे तयार केलेल्या पाठीच्या व पोटाच्या स्नायूंवर तोलली जाते. पुणे, मुंबई वा नाशिकच्या सायकलस्वारांत लोकप्रिय असलेल्या 200 किमीच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, साडेतेरा तासांची मुदत असते. एवढा वेळ सायकलवर काढायचा असेल, तर हँडल सीटच्या पातळीजवळ ठेवणे हेच शहाणपणाचे आहे. जाड हँडल-टेप आणि गादीचे हातमोजे यांचा उपयोग होतो, पण दर काही मिनिटांनी हातांची जागा बदलणे त्याहून महत्त्वाचे.

सायकलवरून उतरल्यानंतरही बधिरपणा काही दिवस टिकला, बोटे फाकवताना किंवा किल्ली फिरवताना जोर कमी पडू लागला, किंवा वेदना मानेतून हातात उतरू लागली, तर सायकल बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडे विनाविलंब जावे.