ध्यानास आरंभ कसा करावा : एका न्हाव्यास मिळालेला धडा

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत पुष्कळांची अशी समजूत आहे की, ध्यान हे साधुसंन्याशांचे किंवा पंडितांचे काम होय. शेतात राबणाऱ्याचा व अक्षरशत्रू मनुष्याचा त्याच्याशी काय संबंध? दुसरे कित्येक एकदा डोळे मिटून बसले, मन बैल, बियाणे व सोसायटीचे कर्ज यांच्यामागे धावले, आणि हे आपल्याने होणे नाही असे म्हणून जे उठले ते पुन्हा बसलेच नाहीत. या दोहोंकरिता आम्ही एक जुना धडा पुढे ठेवतो.

जर्मनीतील विटेनबर्ग नगरात पेटर बेस्केनडॉर्फ नावाचा न्हावी होता. डॉ. मार्टिन ल्यूथर यांच्याशी त्याचा चांगला परिचय असे. प्रार्थना कशी करावी, असे त्याने विचारले, तेव्हा ल्यूथरनी त्याच्यासाठी एक लहानसे पुस्तक लिहिले; ते सन १५३५ त छापून निघाले. ज्यांचे संपूर्ण जर्मन बायबल आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते, त्यांनी न्हाव्याच्या प्रश्नास पुस्तकभर उत्तर द्यावे, हे आमच्या उपदेशकबंधूंनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यांचे पहिले सांगणे वेळेविषयी आहे. सकाळचे पहिले व रात्रीचे शेवटचे काम हेच असावे. ‘आधी एवढे उरकू, मग बसू’ या विचारापासून सावध राहावे, कारण एकातून दुसरे काम निघते आणि दिवस सरतो. मग दहा आज्ञा, मतांगीकार किंवा पाठ असलेले एखादे वचन, लहान मुले म्हणतात तसे, तोंडाने म्हणावे. ध्यान मुकाट्यानेच झाले पाहिजे असे मानणाऱ्यांस याचे नवल वाटेल. परंतु पहिल्या स्तोत्रात जेथे आपण ‘मनन’ असे वाचतो, तेथील इब्री शब्दाचा अर्थ पुटपुटणे असा आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात हाच शब्द पारव्याच्या घुमण्यास आणि शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासही लावला आहे. तेव्हा ज्या आजीबाईंस वाचता येत नाही, पण दोन वचने पाठ आहेत, त्यांची सामग्री तयारच आहे. गाय गोठ्यात स्वस्थ बसून रवंथ करते, तसे तेच वचन पुन्हा पुन्हा घोळवावे.

यानंतरचा भाग सर्वांत उपयोगाचा. एक आज्ञा घ्यावी व तिची चार पेडांची वेणी वळावी : ही मला काय शिकविते, हिच्याबद्दल मी कशाचे उपकार मानावे, काय कबूल करावे आणि काय मागावे. समजा, चोरीविषयीची आज्ञा घेतली. शिकवण उघड आहे. उपकार यासाठी की, हीच आज्ञा माझ्याही खळ्यातील धान्याची राखण करिते. कबुलीपाशी मात्र मनुष्य अडखळतो : गेल्या पेरणीस भावाचा बांध एक तास कोरला नव्हता काय? मग मागणे आपोआप सुचते. दहाही आज्ञा एका बैठकीत संपविण्याची घाई नको. एखादा चांगला विचार आला तर बाकीचे सोडून गप्प राहावे व ऐकावे, असे ल्यूथर सांगतात.

मन भटकते त्याचे काय? येथे ते पेटरच्याच धंद्याचा दाखला देतात. वस्तरा चालविताना न्हाव्याचे डोळे वस्तऱ्यावर व केसांवर असतात. गप्पांच्या नादात तो इकडेतिकडे पाहू लागला, तर गिऱ्हाइकाचे नाक किंवा गळाच कापावयाचा! लक्ष लावणे ही विद्या न्हाव्यास अगोदरच येत होती. नांगर धरणाऱ्यास व सुईत दोरा ओवणारीसही ती येते. मन गेलेले कळताच त्याला न रागावता वचनाकडे परत आणावे. दहा मिनिटांत वीस वेळा आणावे लागले तरी चिंता नाही.

एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्याच सन १५३५ त, ईस्टरच्या सुमारास, पेटरने जेवणाच्या प्रसंगी आपल्या जावयास भोसकून ठार केले. ल्यूथर व इतरांनी रदबदली केली म्हणून त्याचा जीव वाचला, पण त्याला देशोधडीस जावे लागले. मग पुस्तकाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. ध्यान हा ताईत नव्हे, गळ्यात बांधला की संकट टळले असे होत नाही. आमच्या मते चार पेडांपैकी कबुलीचा पेड सर्वांत लवकर सुटतो, आणि रागीट मनुष्याने तोच घट्ट धरावा.

उपदेशकांनी नवशिक्यांस आरंभी सबंध अध्याय देऊ नये. प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या भाकरीची विनंती तेवढी एका आठवड्यास पुरे. वाचता न येणाऱ्यांकडून ती आधी पाठ करून घ्यावी. रात्री बसल्याबसल्या झोप येत असेल तर उभे राहावे. ल्यूथरनी पेटरला गुडघे टेकण्याची किंवा उभे राहण्याची, दोन्ही मोकळीक दिली होती.