धुऱ्यावरच्या काळ्या पाट्या

२०१८च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली आणि विदर्भात या तापाचं नाव घरोघरी पोचलं. याचा जंतू चिगर माइट नावाच्या बारीक किड्यात असतो. किड्याची अळी उंदीर-घुशींवर पोसते, वाटेत माणूस आला तर त्यालाही चावते. शेंदूरजनाघाटला सातपुड्याचं रान आणि संत्र्याचे बगीचे एकमेकांना लागून आहेत. मधल्या गवतात ओल, उंदीर आणि मजूर एकत्र येतात, म्हणून चिगरची मोजणी तिथं करायची.

आधी चार जागा ठरवा : रानाची कड, बगीच्याचा धुरा, पडीत आणि घराचं अंगण. जुलै ते नोव्हेंबर, दर पंधरा दिवसांनी त्याच जागी जा. पँट मोज्यात खोचा, बाह्या पूर्ण घ्या, गवतावर बसू नका. परतल्यावर साबणाने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा.

दव वाळलं की वीतभर लांबी-रुंदीच्या दहा काळ्या पाट्या अंतराअंतरावर जमिनीवर टेकवा. पाच मिनिटं थांबा, मग भिंग लावा. काळ्यावर धावणारे नारिंगी-लाल ठिपके म्हणजे बहुधा अळ्या. मोजा, ओल्या ब्रशने उचला, अल्कोहोलच्या कुपीत टाका. चिगर जागोजागी पुंजक्याने असतात, एका पाटीवर भरवसा नको. शून्य आलं तरी शून्य लिहाच. माझ्या मते वहीत सर्वांत मोलाची नोंद तीच. धुरा तणनाशकाने जाळला की नुसता कापला, ओलीत कधी झालं, हेही शेजारी टिपा.

उंदरांवरच्या अळ्याही पाहायच्या असतील, तर उंदीर पकडणं प्रशिक्षित माणसांवर सोडा. कुप्या ओळखीसाठी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाला विचारून पाठवा.

आता दुसरी वही. आशाताईंच्या मदतीने तापाचे रुग्ण आठवड्यागणिक मोजा. नाव नको, कुठल्या शिवारात काम केलं तेवढं पुरे. चावल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस लागतात, म्हणून या पंधरवड्याचा ताप मागच्या पंधरवड्याच्या पाट्यांशी ताडून पाहा. पंधरवडे जुळवण्यात गल्लत झाली तर सगळी मेहनत वाया जाते.

आणि बगीच्यातून आल्यावर ताप भरला, काखेत, जांघेत किंवा कंबरपट्ट्याखाली चटका लागल्यासारखी काळी खपली दिसली, तर वही बाजूला ठेवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा, डॉक्टरांना खपली दाखवा आणि शिवारात होतो हे सांगा. डॉक्सिसायक्लीन वेळेवर मिळालं तर हा ताप बरा होतो.