पिंजऱ्यातून परसात

गाय आटली की आपण तिला भाकड म्हणतो. बैल थकला की दावणीला ओझे वाटू लागतो. कोंबडी अंडी देईनाशी झाली की तिचे काय करायचे हे ठरलेलेच असते; पाहुणा कधी येतो एवढीच वाट पाहायची. यात लपवण्याजोगे काही नाही. गरिबाच्या घरी प्रत्येक तोंडाला घास लागतो, आणि घास फुकट मिळत नाही.

तरी एक प्रश्न राहतोच. जो जीव आपल्यासाठी राबला, त्याचे काम सरल्यावर त्याचा आपल्यावर काही हक्क उरतो की नाही? 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण दुसऱ्याला नावे ठेवताना वापरतो. स्वतःला कधी लावून पाहतो का?

या पाठात आम्ही इंग्लंड देशातली एक रीत सांगणार आहोत. तिकडची हजारो कुटुंबे अंड्यांच्या कारखान्यांनी काढून टाकलेल्या कोंबड्या घरी आणतात, आणि त्या मरेपर्यंत त्यांना सांभाळतात. ऐकून हसू येईल. पण आधी पुरते ऐका, मग हसायचे की नाही ते ठरवा.

अंड्यांचा कारखाना

रानातली लाल रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आपली गावठी कोंबडी पन्नास-साठ घालते. कारखान्यातली कोंबडी निवडक जातीची असते. ती वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. म्हणजे जवळजवळ रोज एक!

हे काम सोपे नाही. अंड्याचे कवच चुन्याच्या जातीच्या पदार्थाचे असते. तो चुना कोंबडीच्या खाण्यातून येतो. खाण्यातला कमी पडला, की ती तो आपल्या हाडांतून काढते. म्हणून अशा कोंबड्यांची हाडे ठिसूळ होतात.

तलंग १८ ते २० आठवड्यांची झाली की अंडी घालू लागते. सत्तर-ऐंशी आठवड्यांची झाली की अंडी कमी होतात अन् कवच पातळ होते. मग मालकाला ती परवडत नाही. सगळी शेड एकदम रिकामी होते. जुन्या कोंबड्या कापायला जातात, नव्या तलंगा येतात. कोंबडी खरे तर पाच-सहा वर्षे जगू शकते. इथे दीड वर्षातच तिचा दाणापाणी सरतो.

आता तिची जागा पाहा. जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला ५५० चौरस सेंटिमीटर जागा असे. आपल्या हाताची एक वीत लांब आणि एक वीत रुंद, त्याहून जरा जास्त. एवढ्या जागेत पंख पसरता येत नाहीत. पायाखाली तार, डोक्यावर तार. माती नाही, ऊन नाही.

तुम्ही कोंबड्या पाळल्या असतील, तर तुम्हांला ठाऊक आहे की कोंबडी दुपारी उकिरड्याच्या कडेला खळगा करते आणि धुळीत लोळते. हा तिचा खेळ नव्हे, ते तिचे स्नान आहे. धुळीने पिसांतला तेलकटपणा निघतो आणि पिसे साफ राहतात. पिंजऱ्यात धूळ नसते. तरी पिंजऱ्यातली कोंबडी उघड्या तारेवर बसून धुळीत लोळल्यासारखे अंग हलवते! अभ्यासकांनी हे अनेकदा पाहून लिहून ठेवले आहे. जिने माती जन्मात पाहिली नाही, तिच्याही अंगात मातीची ओढ असते.

लोक बोलू लागले

१९६४ साली इंग्लंडात रूथ हॅरिसन या बाईंनी 'अ‍ॅनिमल मशीन्स' नावाचे पुस्तक लिहिले. जनावर म्हणजे यंत्र नव्हे, असे त्यांचे सांगणे होते. पुस्तकाने देशात खळबळ उडाली. सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९६५ साली अहवाल दिला. त्यातले म्हणणे साधे होते. जनावराला निदान उभे राहता यावे, बसता यावे, वळता यावे, अंग साफ करता यावे आणि हातपाय ताणता यावेत.

एवढे साधे म्हणणे, पण ते कायद्यात उतरायला फार वर्षे लागली. १ जानेवारी २०१२ पासून युरोपातील संघाच्या सर्व देशांत जुने उघडेबोडके पिंजरे बंद झाले. तेव्हा इंग्लंडही त्या संघात होते. नव्या पिंजऱ्यात एका कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर जागा, बसायला दांडी आणि अंडी घालायला आडोसा द्यावा लागतो. जागा वाढली हे खरे. पण माती नाही नि आभाळ नाही. पिंजरा तो पिंजराच.

मध्यंतरी आणखी एक गोष्ट घडली. ती वाचायला शिकणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २००४ सालापासून तिकडच्या दुकानांतील अंड्यांवर शिक्का मारणे सक्तीचे झाले. शिक्क्याचा पहिला आकडा कोंबडी कशी राहते ते सांगतो. ० म्हणजे सेंद्रिय पद्धतीने पाळलेली, १ म्हणजे बाहेर मोकळी फिरणारी, २ म्हणजे शेडमध्ये पण पिंजऱ्याविना, आणि ३ म्हणजे पिंजऱ्यातली. गिऱ्हाईक अंडे हातात घेते, आकडा वाचते आणि ठरवते. ज्याला आकडा वाचता येतो, त्याच्या हातात तेवढी सत्ता येते.

घर शोधून देणारी संस्था

२००५ साली डेव्हन या परगण्यात जेन हॉवर्थ नावाच्या बाईंनी एक संस्था काढली. तिचे आजचे नाव ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट असे आहे. कापायला जाणाऱ्या कोंबड्यांतल्या काही सोडवायच्या आणि त्यांना कुटुंबांत घर मिळवून द्यायचे, हे तिचे काम. आजवर या संस्थेने दहा लाखांहून अधिक कोंबड्यांना घर दिले आहे.

संस्थेची रीत शिकण्यासारखी आहे. ती कारखानदाराशी भांडत नाही, त्याच्याशी बोलते. शेड रिकामी करण्याचा दिवस ठरला की स्वयंसेवक जातात आणि कोंबड्या घेऊन येतात. ज्या कुटुंबांनी आधी नाव नोंदवले असते, ती ठरल्या जागी खोकी घेऊन हजर राहतात. थोडी देणगी देतात आणि कोंबड्या घरी नेतात.

ही कुटुंबे शेतकरी नसतात. पुष्कळशी शहराच्या कडेला, उपनगरात राहतात. घरामागे हिरवळीचा एक तुकडा, चार फुलझाडे, एवढेच त्यांचे परस. कोंबडा ते सहसा पाळत नाहीत, कारण पहाटेच्या बांगेने शेजारी कातावतात. कोंबड्यावाचून अंड्यांचे काही अडत नाही. फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत.

घरी आल्यावर

अशी कोंबडी पहिल्या दिवशी पाहाल तर दया येईल. मान आणि पाठ उघडी, पिसे झडलेली. तुरा मोठा पण फिकट, एका अंगाला लोळलेला. खोक्यातून बाहेर ठेवली तरी पुष्कळदा जागेवरच उभी राहते. मोकळ्या जागेत चालायचे असते, हे तिला कोणी दाखवलेलेच नसते.

ती आणण्याआधी आणि आणल्यावर काय काय करावे लागते, ते पाहा.

एक. एकटी कोंबडी आणू नये. तो कळपात राहणारा पक्षी आहे. निदान तिघी तरी असाव्यात.

दोन. खुराडे आधी तयार हवे. बसायची दांडी जमिनीपासून फार उंच नको. हाडे ठिसूळ असल्याने उंचावरून उडी मारताना पाय मोडतो.

तीन. पहिले काही दिवस कारखान्यात मिळत होते तसलेच पिठाळ खाद्य द्यावे. एकदम बदल केला तर ती खात नाही. पाणी सदा भरलेले असावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे चुना मिळतो.

चार. संध्याकाळी खुराड्यात जायचे असते, हे तिला ठाऊक नसते. म्हणून अंधार पडू लागला की तिला हलकेच उचलून आत ठेवावे लागते. पाच-सात रात्री असे केले की तिची ती जाऊ लागते. शिकायला वय आड येत नाही, फक्त शिकवणाऱ्याला दम हवा.

पाच. खुराड्याचे दार रोज रात्री लावायचे. इंग्लंडात उपनगरांतूनही कोल्हे फिरतात. एक रात्र दार उघडे राहिले की सकाळी पिसेच उरतात.

सहा. घरी आधीच्या कोंबड्या असतील तर मध्ये जाळी लावून काही दिवस एकमेकींना नुसते पाहू द्यावे. कोंबड्यांत थोरलेपण-धाकटेपण असते. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी गप्प सोसायचे, हे त्या आपसांत ठरवतात. नॉर्वे देशाच्या एका अभ्यासकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी हे शोधून मांडले.

'पी हळद अन् हो गोरी' असे इथे होत नाही. काही कोंबड्या पहिल्या आठवड्यातच दगावतात. पण बहुतेकींना काही आठवड्यांत नवी पिसे फुटतात. तुरा लाल होतो. त्या माती उकरू लागतात, किडे टिपतात, आणि उन्हात पंख पसरून लोळतात. ते त्यांना कोणी शिकवलेले नसते.

घरातली कामे वाटून घेतलेली असतात. सकाळी दार उघडणे एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, अंडी गोळा करणे मुलांकडे. कोंबडीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम सगळ्यांना. दर आठवड्याला खुराडे झाडायचे. लाकडाच्या फटींत बारीक लाल किडे दिवसा लपतात आणि रात्री रक्त पितात. ते दिवसा शोधून काढावे लागतात.

कायदा आणि हिशोब

हौस म्हणून पाळले तरी कायदा सुटत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये घरी एकच कोंबडी असली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते. घरच्या स्वयंपाकघरातले खरकटे कोंबड्यांना घालण्यास तिकडे मनाई आहे. मांसाच्या खरकट्यातून रोग पसरू नये, हे त्याचे कारण. बर्ड फ्लूची साथ आली की सगळ्या कोंबड्या आत ठेवाव्या लागतात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून २०२३ च्या एप्रिलपर्यंत इंग्लंडात असा हुकूम होता. या रोगाने काय होते ते आपणही पाहिले आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला त्याची साथ आली, तेव्हा गावोगावच्या कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

आता पैशाचे बोलू. एक कोंबडी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम खाद्य खाते. तिघींना महिन्याला अकरा किलोच्या आसपास लागते. त्याशिवाय खुराडे, भुसा, औषधपाणी. अंडी मिळतात, पण दिवसेंदिवस कमी. हिवाळ्यात इंग्लंडात दिवस आठ तासांचाच असतो, तेव्हा ती जवळपास थांबतातच. सगळा हिशोब केला तर दुकानातली अंडी स्वस्त पडतात. म्हणजे हा धंदा नव्हे. ते कोंबडीला दिलेले पेन्शन आहे.

आपण काय घ्यावे?

कोणी म्हणेल, 'माणसांना खायला नाही, तिथे कोंबडीला पेन्शन कुठले?' हे म्हणणे खोटे नाही. ज्याच्या घरी पोट भरण्याची पंचाईत, त्याने म्हाताऱ्या कोंबड्या पोसाव्यात असे आम्ही सांगत नाही. ती कुटुंबे खाऊनपिऊन सुखी आहेत, म्हणून त्यांना ते जमते.

पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. कोंबडी डालग्याखाली दिवसभर कोंडून ठेवू नये. परसात तिला सावली, पाणी आणि कोरड्या मातीचा खळगा मिळावा. रात्री खुराड्यात टेकायला दांडी असावी. आणि बाजाराला नेताना पाय बांधून, सायकलला उलटे टांगून नेऊ नये. टोपलीत न्यावे. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. जनावराला वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे त्यात गुन्हा ठरवले आहे. कोंबडीही त्यात आली.

कोंबडी पुढे कापायचीच असेल, तरी तोवरचे तिचे दिवस आपल्या हातात असतात. ते बरे जावेत एवढे तरी आपण पाहू शकतो. तिच्या अंड्यांवर आपली पोरे वाढली. तेवढे ऋण आपण मानावे.

विचार करा आणि बोला

१. कारखान्यातल्या कोंबडीची हाडे ठिसूळ का होतात?

२. अंड्यावर ३ हा आकडा असेल तर कोंबडी कशी राहत असेल?

३. नव्या कोंबडीला पहिल्या काही रात्री उचलून खुराड्यात का ठेवावे लागते?

४. तुमच्या गावात भाकड जनावरांचे काय होते? त्याहून बरे काय करता येईल? चार ओळी लिहा.