विश्वास पुन्हा मिळवताना

प्रश्न : मी १७ वर्षांची धावपटू. मैत्रिणीवरील माझे प्रेम उघड झाल्यापासून घरात कलह माजला आहे; सराव बंद झाला. तिला भेटण्यासाठी मी खोटेही बोलले होते. काय करू?

उत्तर : प्रेम करणे हा विश्वासघात नव्हे; म्हणून जे खोटे बोललीस तेवढ्याचीच क्षमा माग, आणि आईवडिलांच्या आपसांतील कलहाचा दोष स्वतःच्या शिरावर घेऊ नकोस. २०१९ साली भारतीय धावपटू द्युती चंद हिने आपले समलिंगी नाते जाहीर केले, तेव्हा तिला स्वगृहातूनच तीव्र विरोध झाला. तरीही त्याच वर्षी नेपल्स येथील जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धेत १०० मीटरचे सुवर्णपदक तिने जिंकले. (पदकाने घर निवळते, असे मात्र मी म्हणणार नाही.) प्रथम आईशी एकान्तात बोल, आणि तिला अवधी दे. कोणी तुझा लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ सुचविल्यास, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहेत, हे निक्षून सांग. मारहाण झाल्यास मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि मन खचल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६, हे दोन्ही दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत. आणि तुझ्या मातापित्यांना माझी कळकळीची विनंती : मुलीचा सराव उद्याच पूर्ववत सुरू करावा.